मध्य नसलेलें जाळें

कोल्हापुरांतील एखादा गृहस्थ लंडन येथें शिकावयास गेलेल्या आपल्या मुलीस हातांतील फोनवरून घरच्या गणपतीचें छायाचित्र पाठवितो. डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच तें तिकडे पोंचतें, आणि लागलेंच मुलीचें उत्तरहि येतें. त्या गृहस्थाची समजूत बहुधा अशी असते कीं, कोल्हापुरापासून लंडनपर्यंत कोठून तरी एक तार गेलेली असावी आणि तिच्यावरून तें चित्र सरळ निघून गेलें असावें. ही समजूत स्वाभाविक आहे. टेलिफोनानें मागील तीनचार पिढ्यांस असाच विचार करण्याची संवय लावून ठेविली आहे. परंतु प्रत्यक्षांत घडतें तें अगदीं निराळें. तें छायाचित्र घरांतून निघतांनाच जणूं फाडलें जातें. त्याचे शेंकडों, कधीं हजारों तुकडे होतात. ते सारे एकाच वाटेनें जातील असा नियम नसतो. वाटेंत जीं यंत्रें भेटतात त्यांपैकीं एकालाहि सबंध वाट ठाऊक नसते. आणि लंडनच्या बाजूस पोंचल्यावर ते तुकडे पुन्हां क्रमवार लावले जाऊन त्यांतून गणपति उभा राहतो.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणीहि विचारील. ज्याला आज इंटरनेट म्हणतात त्याची सारी कुळकथा याच प्रश्नांत सांठविलेली आहे. आणि तिला लागूनच दुसरा एक प्रश्न आहे. जाळें म्हटलें कीं त्याच्या मध्यभागीं कोळी बसलेला असावयाचा. मग पृथ्वीला वेढून बसलेल्या या जाळ्याच्या मध्यभागीं कोण आहे? याचें उत्तर ‘कोणीहि नाहीं’ असें आहे; आणि तेथें कोणी नसावें हा योगायोग नसून ज्यांनीं हें जाळें विणलें त्यांनीं तें समजून उमजून तसें विणलेलें आहे.

निरोप दूर पोंचविण्याचा धंदा जुनाच आहे. १८७० सालच्या फेब्रुवारींत ‘ग्रेट ईस्टर्न’ नांवाच्या प्रचंड आगबोटीनें मुंबईहून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशीं तारेची केबल सोडीत नेली, आणि त्याच वर्षीं मुंबई व लंडन हीं शहरें तारेनें जोडलीं गेलीं. तारेच्या कामांत निरोप एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत जाई; तेथील तारमास्तर तो उतरून घेई आणि पुढें धाडी. पुढें टेलिफोन आला आणि पद्धति बदलली. दोन माणसांचें बोलणें चाललें असेपर्यंत त्या दोघांमधील सबंध मार्ग त्यांच्याच नांवें अडकून पडे. ते बोलोत कीं गप्प बसोत, वाट तिसऱ्यास मोकळी नसे. माणसांच्या संभाषणाला हें चालून जातें. संगणकांचें बोलणें मात्र वेगळ्या स्वभावाचें असतें. क्षणभर मजकुराचा लोंढा येतो, आणि मग बराच वेळ सामसूम. अशा बोलण्यासाठीं सबंध तार अडवून ठेवणें म्हणजे एका प्रवाशासाठीं सारा घाट बंद ठेवण्यासारखें आहे.

या अडचणींतून वाट काढणारी युक्ति दोन माणसांना दोन देशांत स्वतंत्रपणें सुचली. पहिला पॉल बॅरन. हा १९२६ सालीं ग्रोड्नो या तेव्हांच्या पोलंडमधील गांवीं जन्मला व लहानपणींच आईबापांबरोबर अमेरिकेंत आला. १९६० च्या सुमारास तो कॅलिफोर्नियांतील रँड या संस्थेंत काम करीत असतां अमेरिका आणि रशिया यांचे अण्वस्त्रांचे ढीग समोरासमोर उभे होते. शत्रूनें टेलिफोनचीं चारदोन मोठीं केंद्रें उडविलीं तर सरकारचा आवाजच बंद पडेल, ही त्याची चिंता. त्यानें सांगितलें कीं, केंद्रच ठेवूं नये. मासे धरण्याच्या जाळ्याप्रमाणें प्रत्येक गांठ आजूबाजूच्या गांठींस बांधलेली असावी. कांहीं गांठी तुटल्या तरी निरोपाचे तुकडे उरलेल्या वाटांनीं जातील. १९६४ सालीं त्यानें हा विचार अनेक खंडांत प्रसिद्ध केला. अमेरिकेची बलाढ्य टेलिफोन कंपनी एटी अँड टी हिच्या इंजिनियरांना तो मुळींच पटला नाहीं. ज्यांचें सारें वैभव केंद्रांवर उभें, त्यांना केंद्रावांचून काम चालेल हें पटावें तरी कसें? बॅरनची योजना कागदावरच राहिली.

दुसरा डोनाल्ड डेव्हिस. हा इंग्लंडांत टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत होता. त्याला युद्धाची चिंता नव्हती. एकाच संगणकावर अनेकांना सोयीनें काम करतां यावें, एवढाच त्याचा हेतु. १९६५ सालीं त्यालाहि निरोपाचे तुकडे करण्याचीच युक्ति सुचली. चमत्कार असा कीं, दोघांच्या तुकड्याचें मापहि जुळलें. दोघांनींहि १०२४ बिटांचा तुकडा धरला होता. बिट म्हणजे शून्य किंवा एक यांपैकीं एक खूण. त्या तुकड्याला नांव द्यावयाचें तें इतर भाषांतहि सहज रुळावें म्हणून डेव्हिसनें भाषा जाणणाऱ्यांचा सल्ला घेतला आणि ‘पॅकेट’ हा शब्द निवडला. मराठींत त्याचें पाकीट होऊन तो कधींच घरचा झालेला आहे, तेव्हां येथेंहि पाकीट हाच शब्द वापरणें बरें.

जाळें प्रत्यक्ष उभें राहिलें तें मात्र तिसऱ्याच ठिकाणीं. १९५७ च्या ऑक्टोबरांत रशियानें स्पुट्निक आकाशांत सोडला, आणि त्या धक्क्यानें जागी झालेल्या अमेरिकेनें १९५८ सालीं आर्पा हें संशोधनखातें काढलें. या खात्यांत १९६६ सालीं रॉबर्ट टेलर नांवाचा अधिकारी होता. त्याच्या खोलींत तीन टर्मिनलें होतीं. तीन ठिकाणच्या तीन संगणकांशीं बोलण्यास तीन निरनिराळीं. एकावरून उठावें, दुसऱ्यापुढें जाऊन बसावें, तेथले निराळे हुकूम आठवावे! या उठबशीला कंटाळून तो वरिष्ठाकडे गेला, आणि विसांएक मिनिटांत १० लक्ष डॉलर मंजूर करून घेऊन परतला, असें सांगतात. इंटरनेट अण्वस्त्रांच्या हल्ल्यांतून वांचण्यासाठीं निर्माण झालें, असा एक प्रवाद सर्वत्र ऐकूं येतो. तो बॅरनच्या कागदांना लागू आहे, या जाळ्याला नाहीं. महागडे संगणक विद्यापीठांनीं वांटून वापरावे, हा आर्पाचा साधा व्यवहारी हेतु होता. १९६७ सालीं टेनेसींतील गॅटलिनबर्ग येथें भरलेल्या एका परिषदेंत डेव्हिसच्या सहकाऱ्यानें आर्पाच्या लॉरेन्स रॉबर्ट्‌सला पाकिटांची युक्ति सांगितली, व बॅरनच्या लेखनाचीहि आठवण करून दिली. आपल्याच देशांत लिहून पडलेली गोष्ट अमेरिकनांना इंग्रजाकडून कळावी, हेंहि एक नवलच.

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्‌स येथील बीबीएन या लहानशा कंपनीनें पाकिटें घेणारें व पुढें लोटणारें यंत्र तयार केलें. तें लोखंडी कपाटाएवढें होतें. पहिलें यंत्र लॉस एंजल्स येथील विद्यापीठांत लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेंत बसलें, दुसरें सुमारें ३५० मैल उत्तरेस स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत. १९६९ सालच्या ऑक्टोबरची २९ तारीख. रात्रीचे साडेदहा वाजलेले. चार्ली क्लाइन हा विद्यार्थी लॉस एंजल्सला, आणि बिल डुव्हाल तिकडे. दोघांच्या कानाला टेलिफोन लावलेला होता. नवी सवारी चालते कीं नाहीं हें जुन्या सवारीवरून विचारावयाचें! ‘लॉगिन’ हा शब्द पाठवावयाचा होता. क्लाइननें ‘एल’ दाबलें, पोंचल्याचें उत्तर आलें. ‘ओ’ दाबलें, तेंहि पोंचलें. ‘जी’ दाबलें मात्र, आणि पलीकडचा संगणक बंद पडला. त्याला एका वेळीं एक अक्षर परत पाठविण्यापुरतीच जागा करून ठेविली होती, आणि शब्द ओळखून तो उरलेलीं अक्षरें आपण होऊन पुरीं करावयास गेला. उत्साही विद्यार्थी गुरुजींचें वाक्य पुरें करावयास जातो आणि फसतो, तसाच प्रकार. तासाभरांत दुरुस्ती झाली व सबंध शब्द गेला. त्या रात्रीं कोणी छायाचित्र काढलें नाहीं, भाषण केलें नाहीं. नोंदवहींत वेळ आणि एक ओळ, एवढाच पुरावा उरला आहे. वर्षअखेर चार ठिकाणें जोडलीं गेलीं.

१९७१ सालीं रे टॉमलिन्सन यानें याच जाळ्यावरून एका संगणकावरील माणसानें दुसऱ्या संगणकावरील माणसास पत्र धाडण्याची सोय केली, आणि माणसाचें नांव व यंत्राचें नांव यांमध्यें तें वेलांटीदार ‘ॲट’चें चिन्ह घातलें. संगणक वांटून वापरावयास काढलेल्या जाळ्यावर थोड्याच वर्षांत पत्रांचीच गर्दी झाली. माणसें यंत्रांशीं बोलतील अशी अपेक्षा होती. तीं एकमेकांशींच बोलूं लागलीं.

परंतु हें एकच जाळें होतें. फ्रान्सचें निराळें, इंग्लंडचें निराळें, रेडिओवर चालणारें तिसरें, उपग्रहावर चालणारें चौथें, अशीं अनेक जाळीं सुरू झालीं, आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. यांना एकत्र बांधावयाचें कसें? रॉबर्ट कान आणि व्हिंटन सर्फ यांनीं १९७४ च्या मे महिन्यांत प्रसिद्ध केलेल्या निबंधांत याचें उत्तर आहे, आणि इंटरनेटचा खरा जन्म तोच मानावा. त्यांनीं असें ठरविलें कीं, कोणत्याहि जाळ्याला आपली आंतली रचना बदलावयास लावूं नये. दोन जाळ्यांच्या शिवेवर एक दुभाषा ठेवावा. त्यालाच आज राउटर म्हणतात. त्यानें एवढेंच करावें कीं, आलेल्या पाकिटावरील पत्ता वाचावा आणि त्या दिशेच्या पुढच्या राउटराकडे तें ढकलावें. आंत काय आहे तें पाहूं नये, पाकीट पोंचलें कीं हरवलें याची चिंता वाहूं नये. ती चिंता दोन टोंकांच्या संगणकांनीं वाहावी. हा विचार फ्रान्सच्या लुई पूझां यानें आपल्या ‘सिक्लाद’ जाळ्यांत आधीं वापरला होता, व त्याचें ऋण या दोघांनींहि मान्य केलेलें आहे.

हें नीट समजावयाचें तर पोथीचें उदाहरण घ्यावें. पोथीचीं पानें शिवलेलीं नसतात. वाऱ्यानें उडालीं तर विस्कटतात. परंतु प्रत्येक पानावर आंकडा असल्यामुळें पोथी पुन्हां लावतां येते, आणि एखादें पान गेलें तर कोणतें गेलें हेंहि लागलेंच कळतें. पाकिटाचें तसेंच आहे. एका पाकिटांत साधारणतः १५०० बाइटांपर्यंत मजकूर मावतो. ८ बिट मिळून एक बाइट होतो. कोल्हापूरच्या गणपतीचें चित्र ३० लक्ष बाइटांचें असेल तर त्याचीं सुमारें २००० पाकिटें होतात. प्रत्येकावर पाठविणाराचा पत्ता, घेणाराचा पत्ता आणि क्रमांक. पलीकडचा संगणक मिळालेल्या पानांची पोंच देत जातो. ठराविक वेळांत पोंच आली नाहीं कीं इकडचा संगणक तेंच पान पुन्हां धाडतो. पत्ता वाचून पाकीट पुढें नेण्याच्या नियमांना आयपी म्हणतात, आणि पानें मोजून पोथी लावण्याच्या नियमांना टीसीपी. बाकीचें सारें यावर उभारलेलें आहे. १९७७ च्या नोव्हेंबरांत कॅलिफोर्नियाच्या रस्त्यावरून धांवणाऱ्या एका मोटारींतून पाकिटें निघालीं, तीं रेडिओवरून आर्पाच्या जाळ्यांत शिरलीं, उपग्रहावरून युरोपास जाऊन परत फिरलीं आणि लॉस एंजल्स येथें पोंचलीं. तीन जाळीं, तीन रीति, आणि निरोप मात्र अखंड. १९८३ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस आर्पाच्या सर्व संगणकांनीं हे नियम घेतले.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. हें जाळें म्हणजे तारांचा पसारा नव्हे, किंवा यंत्रांचाहि नव्हे. तारा बदलतात, यंत्रें मोडींत जातात. कायम राहतो तो करार. हा करार जो पाळील त्याचें जाळें या मोठ्या जाळ्यांत सामील. परवानगीसाठीं कोणाच्या दारांत उभें राहावयास नको. तो करार चांगुलपणावरहि किती विसंबलेला आहे तें १९८६ च्या ऑक्टोबरांत दिसून आलें. बर्कली येथील विद्यापीठ आणि तेथून अवघ्या ४०० यार्डांवर असलेली लॉरेन्स प्रयोगशाळा यांच्यामधील दळणवळण सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर येऊन थडकलें. तार तुटली नव्हती, यंत्र बिघडलें नव्हतें. गर्दीमुळें पाकिटें वाटेंत टाकलीं जात, पोंच येत नसे, म्हणून प्रत्येक संगणक तींच पाकिटें पुन्हां पुन्हां धाडी, आणि गर्दी अधिकच माजे. यात्रेंत पुलावर दाटी झाली असतां मागच्यांनीं रेटा द्यावा, तशी गत. त्या प्रयोगशाळेंतील व्हॅन जेकबसन यानें मायकेल कॅरल्स याच्या सहकार्यानें यावर तोड काढली. पाकीट हरवलें तर तो गर्दीचा इषारा समजावा, आणि पाठविणारानें आपण होऊन आपली गति कमी करावी. मग अदमास घेत हळूहळू वाढवावी. पोलीस कोणी नाहीं, दंड नाहीं. प्रत्येक टोंकाच्या संगणकानें स्वतःला आवर घालावयाचा. जाळें वांचलें तें या आवरण्यामुळें. ज्या संस्थेला मध्य नाहीं तिला प्रत्येक घटकाच्या शहाणपणावरच चालावें लागतें, आणि १९८६ सालीं तें शहाणपण थोडक्यांत निभावलें.

मध्य अगदींच नाहीं असें म्हणणें मात्र पुरें खरें नव्हे. संगणकांचे पत्ते हे आंकडे असतात. जुन्या पद्धतींत ते ३२ बिटांचे म्हणजे एकंदर ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. पृथ्वीवरील माणसांनाहि ते पुरत नाहींत, म्हणून १२८ बिटांची नवी पद्धति काढावी लागली. माणसांना आंकडे लक्षांत राहत नाहींत, नांवें राहतात. सुरुवातीस सर्व नांवांची एकच यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या देखरेखीखालीं ठेवली जाई, आणि प्रत्येक संगणक तिची नक्कल उतरून घेई. यादी फुगत चालली तेव्हां पॉल मॉकापेट्रिस यानें १९८३ सालीं ती वांटून टाकण्याची योजना केली. आतां नांव उजवीकडून डावीकडे वाचलें जातें. शेवटीं ‘इन’ असेल तर भारताच्या यादीकडे विचारावयाचें, ती पुढच्या यादीकडे बोट दाखविते, आणि असें करीत आंकडा सांपडतो. पोस्टमन आधीं जिल्हा, मग तालुका, मग गांव पाहतो तसेंच. परंतु या वृक्षालाहि मूळ आहेच. तें मूळ १३ नांवांच्या सर्व्हरांनीं धरून ठेविलें आहे. त्यांच्या प्रतिकृति आज जगांत हजाराहून अधिक ठिकाणीं आहेत, तथापि मुळाची यादी एकच. जाळें विणतांना टाळलेलें केंद्र नांवांच्या वाटेनें थोडेंसें परत आलें, असें म्हणावें लागतें.

येथवर सांगितलेलें सर्व इंटरनेटविषयीं झालें. वेब ही निराळी वस्तु आहे, आणि या दोहोंची गल्लत चांगले शिकलेले लोकहि करतात. इंटरनेट हा रस्ता. वेब ही त्यावरून जाणाऱ्या वाहतुकीपैकीं एक. पत्रव्यवहार ही दुसरी. वेब निघालें तें स्वित्झर्लंडांत जिनिव्हाजवळील सर्न या अणुविज्ञानाच्या संस्थेंत. तेथें देशोदेशींचे शास्त्रज्ञ येत, दोनचार वर्षें काम करीत आणि निघून जात. त्यांचे कागद कोणत्या संगणकांत कोणत्या रीतीनें ठेवले आहेत याचा मागच्यांना थांग लागत नसे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज तरुणानें १९८९ च्या मार्चमध्यें वरिष्ठांपुढें एक टिपण ठेविलें. वरिष्ठ माइक सेंडल यांनीं त्यावर असा शेरा मारला कीं, कल्पना धूसर आहे, पण उत्साह वाटण्यासारखी आहे. त्यांनीं ती फाइलींत गाडली नाहीं, हेंच मोठें काम केलें.

कल्पना तीन भागांची होती. जगांतील प्रत्येक कागदाला एक पत्ता असावा. कागद मागण्याची व देण्याची एक ठरीव रीत असावी. आणि कागद कसा लिहावा याच्या साध्या खुणा असाव्या, कीं ज्यायोगें एका कागदांतील शब्दावर बोट ठेवतांच दुसरा कागद उघडेल. वाचणाराच्या बाजूस हें काम करणाऱ्या साधनास ब्राउझर म्हणतात, कागद ठेवणाऱ्या संगणकास सर्व्हर. एखाद्यानें वर्तमानपत्राचें पान उघडलें कीं ब्राउझर प्रथम नांवाचा आंकडा शोधतो, त्या आंकड्याच्या सर्व्हराकडे मागणीचें पाकीट धाडतो, सर्व्हर पानाचीं पाकिटें परत धाडतो, आणि ब्राउझर तीं लावून खुणांप्रमाणें मथळा मोठा, मजकूर लहान, चित्र जागच्या जागीं असें मांडतो. बर्नर्स-लीनें यांतील एकहि कल्पना आकाशांतून आणली नव्हती. तुटक तुटक त्या आधीं कोणाकोणाला सुचलेल्या होत्याच. त्यानें त्या एकत्र बांधल्या, व १९९० च्या अखेरीस पहिला सर्व्हर चालूं केला. तो त्याच्या टेबलावरच होता, आणि चुकून कोणी बंद करूं नये म्हणून त्यानें त्यावर लाल शाईनें सूचना लिहून चिकटविली होती. त्या दिवसांत सारें जागतिक वेब एका बटनावर अवलंबून होतें!

त्या वेळीं वेबला एक प्रतिस्पर्धी होता व तो पुढें होता. मिनेसोटा विद्यापीठानें १९९१ सालीं ‘गोफर’ नांवाची पद्धति काढली होती. तींत याद्या उघडीत उघडीत कागदापर्यंत जातां येई, आणि ती लोकांना फार सोपी वाटे. १९९३ च्या आरंभीं विद्यापीठानें जाहीर केलें कीं, कांहीं वापरासाठीं गोफरचे पैसे घेतले जातील. विद्यापीठालाहि खर्च होता, मागणी अवाजवी नव्हती. परंतु ज्यांनीं गोफरवर आपलीं घरें बांधलीं होतीं त्यांच्या मनांत पाल चुकचुकली. आज थोडे मागतात, उद्यां किती मागतील? जिनिव्हांत बर्नर्स-ली व त्याचा सहकारी रॉबर्ट कायो हे संस्थेच्या मागें लागलेच होते. १९९३ च्या एप्रिलच्या ३० तारखेस सर्ननें लेखी निवेदन काढून वेबवरील आपला सर्व हक्क सोडला. कोणीहि वापरावें, बदलावें, पुढें द्यावें, कांहीं देणें लागत नाहीं. त्याच वर्षीं इलिनॉय येथें मार्क अँड्रीसन व एरिक बीना यांनीं मजकुराशेजारीं चित्रें दाखविणारा ‘मोझेइक’ हा ब्राउझर तयार केला. लोकांचा ओघ वळला आणि गोफर थोड्याच वर्षांत इतिहासजमा झाला. गोफर वाईट होता असें नाहीं. सार्वजनिक विहिरीवर एकदां कुलूप दिसलें कीं गांव दुसऱ्या विहिरीकडे वळतो, तें कुलूप उघडें असलें तरीहि.

हिंदुस्थानांत ही विद्या आधीं विद्यालयांत आली. १९८६ सालीं भारत सरकार व संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या साहाय्यानें अर्नेट हें जाळें सुरू झालें. त्यांत मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर संस्था व पवईची आय. आय. टी. या होत्या. सामान्य जनतेला दार उघडलें तें १९९५ च्या स्वातंत्र्यदिनीं, जेव्हां विदेश संचार निगम या तेव्हांच्या सरकारी कंपनीनें मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथें जोडण्या दिल्या. टेलिफोनच्याच तारेवरून जोडणी होई. मोडेमचा तो किंकाळीसारखा आवाज येई, आणि तेवढा वेळ घरचा टेलिफोन बंद राही.

मराठी माणसापुढें आणखी एक अडचण होती. पाकिटांत अक्षरें जात नाहींत, आंकडे जातात. कोणत्या आंकड्यास कोणतें अक्षर समजावयाचें हें आधीं ठरलेलें असावें लागतें. अमेरिकेंत १९६३ सालीं ठरलेल्या कोष्टकांत १२८ जागा होत्या आणि त्यांत देवनागरीला एकहि नव्हती. म्हणून मराठी वर्तमानपत्रें वेबवर आलीं तेव्हां ज्यानें त्यानें आपापले टंक व आपापलीं कोष्टकें वापरलीं. तो टंक वाचकाजवळ नसला तर पानभर विचित्र चिन्हांचा कचरा दिसे. शिक्षकानें एक लिहावें आणि फळ्यावर दुसरेंच उमटावें, असा तो छळ होता. १९९१ सालीं निघालेल्या युनिकोड या जागतिक कोष्टकानें प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा आंकडा दिला. त्यांत ‘म’ चा आंकडा २३५० आहे, व तो कोल्हापुरांत आणि लंडनमध्यें एकच आहे. हें कोष्टक सर्वत्र रुळावयास पुढें दहापंधरा वर्षें लागलीं. मराठी मजकूर आज कोठेंहि वाचतां येतो त्याला कारण तारांपेक्षां हा आंकड्यांचा करारच अधिक आहे.

आणि तारा? त्या आजहि समुद्राच्या तळाशींच आहेत. इंटरनेट आकाशांतून येतें असें फोन हातांत धरणाराला वाटतें. परंतु फोनपासून मनोऱ्यापर्यंतचा लहानसा टप्पा सोडला तर पुढील बहुतेक सारा प्रवास कांचेच्या केसासारख्या तंतूंतून, प्रकाशाच्या रूपानें होतो. खोल समुद्रांत या केबलची जाडी बागेला पाणी घालण्याच्या नळीएवढी असते. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा अनेक केबली जमिनीवर येतात, आणि त्यांपैकीं कित्येक १८७० च्या केबलप्रमाणेंच तांबड्या समुद्राची अरुंद वाट धरून युरोपास जातात. करारांत मध्य नसला तरी भूगोलांत चिंचोळ्या खिंडी आहेत.

त्याचा प्रत्यय २००८ सालीं आला. जानेवारीच्या ३० तारखेस ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या केबली तुटल्या, आणि हिंदुस्थानचें पश्चिमेकडील दळणवळण एकाएकीं अर्ध्यावर आलें. मुंबई, पुणें, बंगलोर येथील ज्या कचेऱ्या परदेशचें काम करीत, त्यांत धांदल उडाली. परंतु जाळें मेलें नाहीं. राउटरांना पश्चिमेची वाट बंद दिसतांच कंपन्यांनीं वाटा फिरविल्या, आणि लंडनला जावयाचीं पाकिटें सिंगापूरकडे वळून, पॅसिफिक महासागर ओलांडून, अमेरिकेवरून लंडनला पोंचूं लागलीं. उशीर होई, कांहीं वाटेंत पडत, तीं पुन्हां धाडलीं जात. पाठविणारांपैकीं बहुतेकांना आपलें पत्र पृथ्वीची उलटी प्रदक्षिणा करून गेलें हें कळलेंहि नाहीं. दोनच दिवसांनीं दुबई आणि ओमान यांच्या दरम्यान तिसरी केबल तुटली. ती घातपातानें तुटली असाव्या अशा वावड्या उठल्या. दुरुस्तीचें जहाज त्या जागीं गेलें, तेव्हां केबलच्या तुटलेल्या टोंकाशीं कोणत्या तरी जहाजानें टाकून दिलेला ५ ते ६ टन वजनाचा नांगर सांपडला.